रिक्वेस्ट आयडी कुठे तयार करावा: प्रॉक्सीवर, ॲपमध्ये की ट्रेस कॉन्टेक्स्टमधून?

सेकंदाला शे-दोनशे रिक्वेस्ट येऊ लागल्या की लॉगमधल्या (सर्व्हरच्या नोंदवहीतल्या) ओळी एकमेकींत मिसळतात. वेळ आणि आयपी पाहून एकाच रिक्वेस्टच्या ओळी वेगळ्या काढणं मग जमत नाही. एका आयपीमागे अख्खं ऑफिस असू शकतं, आणि दोन सर्व्हरची घड्याळं मिलिसेकंदापर्यंत जुळत नाहीत. म्हणून प्रत्येक रिक्वेस्टला वेगळा आयडी द्यायचा आणि तो प्रत्येक ओळीत छापायचा. हा आयडी कोणी तयार करायचा, यासाठी तीन पर्याय आहेत: समोरचा वेब सर्व्हर किंवा प्रॉक्सी (रिक्वेस्ट आधी घेऊन ॲपकडे पाठवणारा सर्व्हर), ॲपमधलं मिडलवेअर (प्रत्येक रिक्वेस्टवर आधी चालणारा कोड), आणि ओपनटेलिमेट्रीसारखी ट्रेसिंग यंत्रणा (एका रिक्वेस्टचा सगळ्या सेवांमधला प्रवास नोंदवणारी). आमचं मत आधीच सांगतो: बहुतेकांनी प्रॉक्सीपासून सुरुवात करावी, पण आयडीचा साचा ट्रेसिंगला चालेल असाच ठेवावा.

प्रॉक्सीवर तयार केलेला आयडी

एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये १.११.० आवृत्तीपासून 'रिक्वेस्ट_आयडी' हे तयार व्हेरिएबल मिळतं: १६ रँडम बाइट, हेक्समध्ये (०-९ आणि a-f) ३२ अक्षरं. अपाचेत हेच काम मॉड_युनिक_आयडी करतं आणि एचएप्रॉक्सीत 'युनिक-आयडी-फॉरमॅट'.

या पर्यायाची खरी ताकद बिघाडाच्या वेळी कळते. ॲप बंद असेल तर ५०२ हा एरर कोड येतो, उत्तर वेळेत आलं नाही तर ५०४, आणि वापरकर्त्यानेच कनेक्शन तोडलं तर एनजिनएक्स ४९९ नोंदवतं. ५०२ मध्ये रिक्वेस्ट अनेकदा ॲपपर्यंत पोहोचलेलीच नसते, त्यामुळे ॲपच्या लॉगमध्ये तिची एकही ओळ सापडणार नाही. ५०४ मध्ये ॲप अजून काम करतच असतं आणि त्याची शेवटची ओळ प्रॉक्सीच्या नोंदीनंतर येते. अशा वेळी दोन्हीकडे एकच आयडी असला तरच गोष्ट जुळते.

एनजिनएक्समध्ये तीन कामं करावी लागतात. लॉग_फॉरमॅटमध्ये व्हेरिएबल घालायचं (मूळ 'कंबाइंड' फॉरमॅटमध्ये ते नसतं), प्रॉक्सी_सेट_हेडरने ते 'एक्स-रिक्वेस्ट-आयडी' नावाच्या हेडरमधून (रिक्वेस्टसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीतून) ॲपला पाठवायचं, आणि ॲड_हेडरने उत्तरातही परत द्यायचं. इथे दोन चुका वारंवार होतात. ॲड_हेडरच्या शेवटी 'ऑलवेज' लिहिलं नाही तर ४०४, ५००, ५०२ अशा उत्तरांत हेडर जातच नाही, म्हणजे नेमका हवा तेव्हा आयडी गायब. दुसरी चूक वारशाची: सर्व्हर ब्लॉकमध्ये प्रॉक्सी_सेट_हेडर लिहिलं आणि एखाद्या लोकेशन ब्लॉकमध्ये दुसऱ्याच हेडरसाठी तेच डायरेक्टिव्ह वापरलं, की त्या लोकेशनपुरत्या वरच्या सगळ्या ओळी रद्द होतात. एकाच यूआरएलखालच्या रिक्वेस्टना आयडी मिळत नसेल तर आधी हेच तपासा.

ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला दुसऱ्या डोमेनवरून आलेल्या उत्तरातला आयडी वाचायचा असेल, तर 'ॲक्सेस-कंट्रोल-एक्स्पोज-हेडर्स'मध्ये त्याचं नाव द्यावं लागतं. हे केलं की एरर स्क्रीनवर आयडी दाखवता येतो आणि तक्रारीसोबत तो आपोआप येतो.

ॲपमध्ये तयार केलेला आयडी

प्रॉक्सीच्या कॉन्फिगला हात लावायची मुभा नसेल तर हा मार्ग. रेल्स या रुबी फ्रेमवर्कमध्ये तो तयारच मिळतो: बाहेरून आयडी आला तर चिन्हं गाळून आणि २५५ अक्षरांपर्यंत छाटून तोच वापरला जातो, नाहीतर नवा यूयूआयडी (प्रमाणित साच्यातला अनन्य आयडी) बनतो. नव्या प्रॉडक्शन कॉन्फिगमध्ये तो लॉग टॅग म्हणूनही लावलेला असतो. पायथनच्या जँगोमध्ये असं काही मुळात नाही. मिडलवेअर आणि लॉगिंग फिल्टर स्वतः लिहावे लागतात किंवा पॅकेज घ्यावं लागतं. मर्यादा उघड आहे: ॲपपर्यंत न पोहोचलेली रिक्वेस्ट इथे दिसत नाही. प्रॉक्सी हाताशी असताना फक्त याच्यावर विसंबू नका. ॲपने आलेला आयडी घ्यावा, आणि नसेल तरच नवा बनवावा.

ट्रेस कॉन्टेक्स्ट

वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने २०२० मध्ये प्रमाणित केलेलं 'ट्रेसपॅरंट' हेडर ५५ अक्षरांचं असतं: आवृत्तीची २, ट्रेस-आयडीची ३२, पालक-आयडीची १६, फ्लॅगची २, आणि मधले तीन डॅश. ट्रेस-आयडी सगळ्या प्रवासभर तोच राहतो, पालक-आयडी प्रत्येक टप्प्यावर बदलतो. साध्या रिक्वेस्ट आयडीला हेच जमत नाही. ऑर्डर सेवेने पेमेंट सेवेला एकाच रिक्वेस्टमध्ये तीनदा कॉल केला (पहिले दोन टाइमआउट, तिसरा यशस्वी), तर साध्या आयडीने तिन्हींच्या ओळी एकाच ढिगात येतात. पालक-आयडीमुळे कोणती ओळ कितव्या प्रयत्नाची हे वेगळं दिसतं.

किंमतही तशीच. प्रत्येक सेवेत लायब्ररी बसवायची, ट्रेस गोळा करणारा कलेक्टर चालवायचा, ट्रेस साठवायचे आणि सॅम्पलिंग (कोणते ट्रेस ठेवायचे) ठरवायचं. सॅम्पलिंगमधून गळलेला ट्रेस स्क्रीनवर सापडत नाही, पण लॉगच्या ओळीत ट्रेस-आयडी छापलेला असेल तर लॉग शाबूत राहतो. त्यामुळे ट्रेसिंग आलं म्हणून लॉगमधला आयडी काढू नका. शिवाय ओपनटेलिमेट्रीचा मूळ सॅम्पलर पालकाचा निर्णय पाळतो. बाहेरच्या क्लायंटने फ्लॅग ०० (म्हणजे 'सॅम्पल नाही') पाठवला तर तुमच्याकडेही ट्रेस नोंदला जात नाही. इंटरनेटवरून आलेलं हे हेडर सीमेवरच काढून टाकणं उत्तम.

दोन-तीन सेवा असतील तर एवढा खटाटोप घाईचा ठरतो. सेवा पाचच्या पुढे गेल्या, एकमेकींना समांतर कॉल करू लागल्या, किंवा 'नेमका वेळ कुठे गेला' हा प्रश्न रोजचा झाला, की ट्रेसिंग घ्यावं.

आयडी हरवतो कुठे

तिन्ही पर्याय इथेच अडखळतात, आणि वेळ इथेच खर्च करावा.

जावात एमडीसी (लॉगच्या प्रत्येक ओळीत छापायच्या किमती ठेवायची जागा) थ्रेडला बांधलेलं असतं. थ्रेड पूलमध्ये दिलेल्या कामात आयडी पोहोचत नाही, आणि काम संपल्यावर साफ केलं नाही तर पुढच्या रिक्वेस्टच्या ओळींवर आधीचा आयडी छापला जातो. आयडी नसण्यापेक्षा हे वाईट, कारण लॉग बिनधास्त खोटं सांगतो. काम पूलला देताना एमडीसीची प्रत घ्या, आत गेल्यावर ती लावा, आणि फायनली ब्लॉकमध्ये पुसा. पायथनमध्ये याच कामाचे कॉन्टेक्स्टव्हार्स असिंक कोडमध्ये नीट चालतात, पण 'रन_इन_एक्झिक्युटर'मध्ये कॉन्टेक्स्ट जात नाही, ३.९ पासूनचं 'टू_थ्रेड' तो सोबत नेतं. नोडमध्ये याच कामासाठी असिंकलोकलस्टोरेज वापरा.

क्यूमध्ये (नंतर करायच्या कामांच्या रांगेत) जाणाऱ्या जॉबला हेडर नसतं. मूळ रिक्वेस्टचा आयडी जॉबच्या मजकुरातच ठेवा, आणि जॉबचा स्वतःचा आयडी व प्रयत्न क्रमांक वेगळ्या फील्डमध्ये छापा.

बाहेरून आलेल्या आयडीवर आंधळा विश्वास नको. लांबी आणि अक्षरं तपासा, नाहीतर ॲपमध्ये डीकोड होऊन नवी ओळ घुसवणारी किंमत लॉगमध्ये खोट्या नोंदी तयार करू शकते. पार्टनरचा आयडी जपायचा असेल तर तो 'क्लायंट_रिक्वेस्ट_आयडी' अशा वेगळ्या फील्डमध्ये ठेवा.

साचा आणि शोध

लहान लिपीतली (लोअरकेस) ३२ हेक्स अक्षरं, डॅशशिवाय: हा साचा पहिल्या दिवसापासून ठेवा. एनजिनएक्सचा आयडी असाच असतो, यूयूआयडीतले डॅश काढले की तोही असाच, आणि ट्रेस-आयडीलाही हेच हवं असतं. पुढे ट्रेसिंगकडे वळताना जुनी शोधवाक्यं आणि डॅशबोर्ड तसेच चालतात. २६ अक्षरांचा यूएलआयडी हा आयडीचा दुसरा प्रकार वेळेच्या क्रमाने लागतो खरा, पण तो या साच्यात बसत नाही. वेळेचा क्रम हवाच असेल तर यूयूआयडीची सातवी आवृत्ती घ्या. २०२४ च्या आरएफसी ९५६२ या इंटरनेट मानकात ती आहे.

लॉग शोधायला इलॅस्टिकसर्च वापरत असाल तर त्यात हे फील्ड 'कीवर्ड' प्रकारचं करा. 'टेक्स्ट' ठेवलं तर डॅश असलेल्या आयडीचे तुकडे पडतात आणि भलत्याच ओळी सापडतात. लोकी या लॉग साठवणाऱ्या यंत्रणेत आयडीला लेबल करू नका, कारण प्रत्येक नव्या किमतीला नवी स्ट्रीम बनते आणि इंडेक्स फुगत जातो. तो ओळीतच राहू द्या. शोधताना वेळेची खिडकी थोडी मोठी घ्या: एनजिनएक्सची ॲक्सेस नोंद रिक्वेस्ट संपल्यावर लिहिली जाते, त्यामुळे ४० सेकंद चाललेल्या रिक्वेस्टची नोंद ॲपच्या पहिल्या ओळीपासून ४० सेकंद दूर असते.