सॅमसंग गॅलॅक्सी टॅब ए९ प्लस: वाचायला घ्या, पण फोन हाताशी ठेवूनच

या टॅबचा उपयोग कळतो तो पीडीएफ उघडल्यावर. ए-४ कागद २१० मिलिमीटर रुंद असतो. साडेसहा इंची फोन उभा धरला की तेच पान जेमतेम ७० मिलिमीटरमध्ये कोंबलं जातं. १२ पॉइंटचा टाइप ४ पॉइंटचा होतो, रफार आणि जोडाक्षरं ओळखू येत नाहीत, आणि मग प्रत्येक ओळीला पान डावी-उजवीकडे सरकवत बसावं लागतं. हा ११ इंची टॅब उभा धरला तर साधारण १४८ मिलिमीटर रुंदी मिळते, टाइप साडेआठ पॉइंटचा दिसतो. आडवा धरला तर अक्षर कागदापेक्षाही मोठं, फक्त पान वर-खाली सरकवायचं. ई-बालभारतीवरची पाठ्यपुस्तकं किंवा स्पर्धा परीक्षेच्या नोट्स वाचणाऱ्याला एवढं कारण पुरे.

व्हिडिओ आणि पुस्तक शेजारी-शेजारी हवं असेल तर एक ॲप उघडा, खालच्या टास्कबारवरून दुसऱ्याचं चिन्ह ओढा आणि पडद्याच्या कडेला सोडा. ४ जीबी रॅमच्या मॉडेलमध्ये तिसरं ॲप पाहून परत आलं की आधीचं बऱ्याचदा पहिल्यापासून लोड होतं. अभ्यासासाठी ८ जीबीचाच घ्यावा. मेमरी कार्ड घातल्याने रॅम वाढत नाही.

वाय-फाय मॉडेलबद्दलच्या, म्हणजे सिम न बसणाऱ्या मॉडेलबद्दलच्या, तक्रारी खरेदीपूर्वीच टाळता येतात. यूपीआय ॲप नोंदणीच्या वेळी त्याच उपकरणातल्या सिमवरून एसएमएस पाठवतं. सिम नाही, तर नोंदणी होत नाही. ओटीपीही फोनवरच येणार. व्हॉट्सॲप मात्र चालतं: फोनवर ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून टॅबवरचा क्यूआर कोड स्कॅन करा. फोन १४ दिवस वापरलाच नाही तर ही जोडणी तुटते.

हाताने लिहून टिपणं काढायची असतील तर हा टॅब नकोच. याला एस पेन, म्हणजे पडद्यावर लिहायचा सॅमसंगचा पेन, चालत नाही. साध्या रबरी टोकाच्या पेनने लिहिताना तळव्याचेही फराटे उमटतात. त्यासाठी एस पेन सोबत देणारा टॅब एस६ लाइट पाहावा.

७०४० एमएएच बॅटरीला १५ वॉटचं चार्जिंग, म्हणजे पूर्ण भरायला अडीच-तीन तास. वजन ४८० ग्रॅम. आडवं पडून एका हाताने वाचलं तर मनगट लवकर भरून येतं, तेव्हा उभं राहणारं कव्हर सोबतच घ्या.