ओपन सोर्स प्रकल्पाच्या चॅटसाठी झुलिप कसं आहे?

चॅट निवडताना इमोजी आणि थीम नंतर बघा. आज दिलेलं उत्तर वर्षभराने, खातं नसलेल्या माणसाला सापडेल का, हे आधी बघा. स्लॅकची मोफत योजना इथेच बाद होते: 90 दिवसांपूर्वीचे संदेश दिसत नाहीत, वर्षापेक्षा जुने तर पुसलेच जातात. डिस्कॉर्डवर ते राहतात, पण आत शिरल्याशिवाय वाचता येत नाहीत आणि सर्च इंजिनलाही दिसत नाहीत.

झुलिप या चॅट सॉफ्टवेअरमध्ये चॅनेलच्या आत प्रत्येक चर्चेला स्वतंत्र टॉपिक असतो. 'विंडोजवर बिल्ड अडकतो' या टॉपिकमध्ये तेवढंच बोलणं. दुसऱ्या टाइमझोनमधला मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारा) उठल्यावर नको ते टॉपिक न उघडताच वाचलेले करतो. उत्तर मिळालं की टॉपिक सुटला म्हणून खूण करता येते.

नवीन लोक मात्र जो टॉपिक उघडा दिसेल त्यातच भलता प्रश्न टाकतात. संदेश दुसऱ्या टॉपिकमध्ये हलवता येतात, पण ते काम कोणीतरी करावं लागतं. ती परवानगी दोन-चार जुन्या सदस्यांना देऊन ठेवा, नाहीतर महिन्याभरात टॉपिकना अर्थ उरत नाही.

झुलिप स्वतःच्या सर्व्हरवर चालवलं तर लॉगिनशिवाय वाचण्याची सोय मुळात बंद असते. सेटिंग्जच्या फाइलमध्ये ती चालू करून सर्व्हर रीस्टार्ट करा, मग एकेक चॅनेल वेबवर खुलं करा. तरीही गूगलमध्ये संदेश सापडतील अशी आशा नको. त्यासाठी झुलिप-आर्काइव्ह हे साधन साधी एचटीएमएल पानं बनवून देतं.

सर्व्हर चालवायचा तर उबुंटू किंवा डेबियन लिनक्स आणि किमान 2 जीबी रॅम लागते. पोस्टग्रेस, रॅबिटएमक्यू, रेडिस, मेमकॅश्ड असं डेटाबेस आणि मदतनीस प्रोग्रॅमचं सगळं लटांबर सोबत येतं, म्हणून मशीन वेगळंच घ्या. बहुतेक वेळा अडतं ते ईमेलवर. अनेक होस्टिंग कंपन्या मेल पाठवण्याचं पोर्ट 25 बंद ठेवतात, त्यामुळे नोंदणीचा मेल पोचतच नाही. पोर्ट 587 वरची एसएमटीपी (मेल पाठवणारी) सेवा जोडा आणि लोकांना बोलावण्याआधी चाचणी मेल पाठवून बघा. फोनवरच्या सूचना झुलिपच्याच सेवेतून जातात. तिथे सर्व्हर नोंदवला नाही तर फोन गप्प राहतो. बॅकअपची कमांड आहे, पण अपलोड अ‍ॅमेझॉनच्या एस-3 या क्लाउड साठ्यावर ठेवले असतील तर ते त्यात येत नाहीत.

एवढा व्याप नको असेल तर ओपन सोर्स प्रकल्पांना झुलिप क्लाउडची (सर्व्हर झुलिपवालेच सांभाळतात) स्टँडर्ड योजना अर्ज केल्यावर मोफत मिळते. पुढे डेटा निर्यात करून स्वतःच्या सर्व्हरवर नेता येतो. लहान गटाने हाच रस्ता धरावा.

प्रत्येकाला आपापल्या सर्व्हरवरून यायचं असेल तर मात्र मॅट्रिक्स (Matrix) घ्या, त्यात वेगवेगळे चॅट सर्व्हर एकमेकांशी जोडलेले असतात. मोठ्या रूममध्ये त्याचा सिनॅप्स हा सर्व्हर प्रोग्रॅम रॅम भरपूर खातो. सार्वजनिक रूमला एन्क्रिप्शन लावू नका: एकदा लावलं की काढता येत नाही, आणि नव्याने आलेल्यांना जुने संदेश उलगडत नाहीत.