बेस गिटारला तारा कुठल्या: राउंड की फ्लॅट?

एकच बेस आहे, आणि तोच मंडळाच्या स्टेजवर, कॉलेजच्या गॅदरिंगला आणि घरी रियाजालाही वाजणार आहे, तर निकेलच्या राउंडवाउंड तारा घ्या, ४५-१०५ गेजच्या (गेज म्हणजे जाडी; पहिला आकडा सर्वांत बारीक तारेचा, दुसरा सर्वांत जाड तारेचा). माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. पण फ्लॅटवाउंड मला मनापासून आवडतात आणि काही जणांसाठी त्याच योग्य आहेत. ते काही जण कोण, हे ठरवायला थोडं खोलात जावं लागतं. नाशिकमध्ये तर जास्तच. सहा तारांच्या गिटारचे सेट इथे वाद्यांच्या दुकानात टांगलेले दिसतात, बेसचे मात्र एखाद-दुसरे. बाकी मुंबईहून किंवा ऑनलाइन मागवायचे, म्हणजे आधी वाजवून बघायची सोय नाही.

दोन्ही प्रकारांत आत पोलादाची गाभ्याची तार असते आणि तिच्यावर दुसरी तार गुंडाळलेली असते. ही वरची तार गोल असली की राउंडवाउंड, पट्टीसारखी चपटी असली की फ्लॅटवाउंड. राउंडवर बोट सरकवलं की खरखर ऐकू येते, फ्लॅट गुळगुळीत. फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस १९५१ मध्ये आला तेव्हा सगळीकडे फ्लॅटच होत्या. राउंडचं पर्व सुरू झालं ते १९६० च्या दशकात. त्यात इंग्लंडच्या रोटोसाउंड या तारांच्या कंपनीचा आणि ‘द हू’ या रॉक बँडच्या जॉन एंटविसलचा मोठा वाटा होता, कारण त्याला बेसमधून पियानोच्या खालच्या सुरांसारखा खणखणीत आवाज हवा होता. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमर्सन मात्र ला बेला कंपनीच्या जाडजूड फ्लॅट तारांवर, ५२-११० गेजच्या, वाजवत राहिला आणि तार तुटल्याशिवाय बदलायची नाही यावर ठाम राहिला. फ्लॅट म्हणजे फक्त मवाळ संगीत, असं ज्यांना वाटतं त्यांनी आयर्न मेडन या हेवी मेटल बँडचा स्टीव्ह हॅरिस ऐकावा. तोही फ्लॅटच वाजवतो.

आता आवाज. सुटी ई तार, म्हणजे चार तारांच्या बेसवरची सर्वांत जाड तार, छेडली की सेकंदाला साधारण ४१ कंपनं होतात. आठ-दहा इंची स्पीकरच्या छोट्या ॲम्पमधून ती नीट बाहेर पडतच नाहीत. आपल्या कानाला तो सूर ओळखू येतो तो ८२, १२३ अशा त्याच्या पटींवरून. राउंड तारेत या पटी अगदी वरपर्यंत भरपूर असतात. फ्लॅटमध्ये वरच्या पटी कमी असतात आणि लवकर विरतात. त्यामुळे राउंडच्या सुराला टोक असतं. फ्लॅटचा सूर गोल आणि भरीव, पण कड नसलेला.

इथे आपल्या संगीताचा विचार करावाच लागतो. किक ड्रम एक ठोका देतो आणि थांबतो. डग्गा तसा थांबत नाही, तो घुमत राहतो, सूर वर-खाली नेतो. ढोलकीची धुम तशीच, आणि अभंग असेल तर कणीक लावलेला पखवाजही. म्हणजे खालच्या पट्ट्यात बेस पोचायच्या आधीच कुणीतरी बसलेलं असतं. एका वर्षी गणपतीतल्या कार्यक्रमाला मी नव्या फ्लॅट तारा लावून गेलो. घरी आवाज इतका सुंदर लागला होता की दुसरा विचारच मनात आला नाही. मंडपात ढोलकी, ऑक्टोपॅड आणि कीबोर्डवाल्याचा डावा हात एकदम सुरू झाला आणि मी काय वाजवतोय ते मलाच ऐकू येईना. साउंडवाल्याने बेस वाढवला तर नुसती घरघर वाढली. पुढच्या कार्यक्रमाआधी जुन्या राउंड तारा परत चढवल्या आणि प्रत्येक सूर सुटा झाला. तेव्हापासून उघड्यावरच्या कार्यक्रमाला मी फ्लॅट नेत नाही.

बंद खोलीतलं गणित वेगळं. भावगीतांची छोटी बैठक, चर्चमधलं गायन, घरातलं रेकॉर्डिंग, अशा ठिकाणी राउंडची खरखर माइकमध्ये उतरते आणि गायकाच्या शब्दांमध्ये येते. फ्लॅट तिथे गाण्याखाली सतरंजीसारख्या पसरतात. बेस फ्रेटलेस, म्हणजे पडदे (फ्रेट) नसलेला, असेल तर फ्लॅटच लावा; राउंडने फिंगरबोर्डाचं लाकूड खरवडलं जातं.

गेजबद्दल मला जास्त सांगायचं आहे, कारण इथे बहुतेक जण फसतात. गेज म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेली जाडी. १०५ म्हणजे ०.१०५ इंच, सुमारे २.७ मिलिमीटर. नवशिक्याला ४०-१०० बोटांना सोपा जातो, हे खरं. पण तुम्ही कुणाबरोबर वाजवता ते बघा. गायिका काळी चारमध्ये गात असेल तर सा ई तारेच्या चौथ्या पडद्यावर, अगदी हाताशी. पांढरी दोनमध्ये खालचा सा हवा असेल तर ई तार एक पूर्ण सूर उतरवून डी करावी लागते. तेव्हा १०० ची तार ढिली पडून पडद्यांवर आपटते, १०५ टिकते, ११० आणखी बरी. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा सर्वांत खालचा सा तर नेहमीच्या जुळणीतल्या चार तारांच्या बेसवर नाहीच. ए तारेच्या चौथ्या पडद्यावरचा सा घेऊन चालवावं लागतं, किंवा पाच तारांचा बेस घेऊन बी तारेच्या दुसऱ्या पडद्यावर जावं लागतं. ही बी तार १३० च्या आसपासची असू द्या, १२५ च्या खाली नको. फ्लॅट तारा त्याच जाडीत सहसा जास्त ताठ लागतात, म्हणून राउंडमध्ये ४५-१०५ वापरणाऱ्याने फ्लॅटमध्ये ४५-१०० पासून सुरुवात करावी.

निकेल की स्टेनलेस स्टील? स्टील अधिक चमकदार, बोटांना खरखरीत आणि फ्रेट लवकर झिजवणारं. मला निकेलचा मुलामा दिलेल्या ताराच बऱ्या वाटतात. ज्यांच्या घामाने तारा आठ दिवसांत काळ्या पडतात त्यांनी स्टील किंवा कोटिंगच्या तारा बघाव्यात. हाफ-राउंड आणि काळ्या नायलॉनच्या टेपवाउंड तारा पहिल्या खरेदीला नकोत.

टिकण्यात मात्र फ्लॅट सरळ पुढे. राउंडच्या खाचांमध्ये घाम आणि मळ बसतो आणि वरच्या पटी दबतात. मी आठवड्यातून चार दिवस वाजवतो. माझ्या राउंड तारा तीन-चार महिन्यांत मंद होतात, पावसाळ्यात त्याहून लवकर. फ्लॅट त्याच बेसवर वर्षानुवर्षं राहतात. किंमत दुपटीच्या आसपास असली तरी वर्षाचा खर्च फ्लॅटचा कमीच पडतो. वाजवून झालं की कोरड्या सुती कापडाने तार वरून-खालून पुसा. जुन्या राउंड तारा उकळून काही दिवस जिवंत होतात, पण फ्लॅट कधीही उकळू नका.

मागवण्याआधी नटपासून (चाव्यांकडच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात ती पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत मोजा. १७ इंच भरलं तर लाँग स्केल, १५ भरलं तर शॉर्ट स्केलचा सेट. गेज बदललं की नेकचा बाक बदलतो, नेकच्या आतली बाक सावरणारी सळई, म्हणजे ट्रस रॉड, थोडी फिरवावी लागते. एप्रिलचं कोरडं ऊन आणि जुलैची ओल यांनीही नाशिकमध्ये नेक हलतो, म्हणून नवा सेट पाऊस स्थिरावल्यावर चढवला तर एकाच सेटिंगमध्ये काम होतं. तार चावीपासून दोन चाव्यांच्या अंतराइतकी जास्त ठेवून आधी काटकोनात वाकवा, मगच कापा. न वाकवता कापली तर वरचं गुंडाळलेलं सैल होतं आणि ती तार कायमची मुकी होते.