एक बाजू लुळी पाडणारी अर्धशिशी आणि जळगावातली ईईजी सेवा

हेमिप्लेजिक मायग्रेनचा, म्हणजे एक बाजू लुळी पाडणाऱ्या अर्धशिशीचा झटका चालू असताना ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) काढला, तर मेंदूच्या लुळ्या बाजूच्या विरुद्ध गोलार्धात थीटा-डेल्टा नावाच्या संथ लहरी दिसतात. झटका ओसरला की काही दिवसांत आलेख बहुधा पूर्ववत होतो. त्यामुळे जळगावच्या या ईईजी काढणाऱ्या खासगी सेंटरची मोठी उणीव वेळेची. न्यूरॉलॉजिस्टची चिठ्ठी तातडीची असली तरी नंबर चार-पाच दिवसांनी लागतो, आणि मग रिपोर्ट येतो 'नॉर्मल'. अशा रिपोर्टवरून आजार नाही असं धरू नये.

तंत्रज्ञाचं काम मात्र चोख. १०-२० पद्धतीने (डोक्यावर इलेक्ट्रोडच्या जागा ठरवण्याची पद्धत) मोजून खुणा करतात, जागा घासून पेस्ट लावतात, प्रत्येक इलेक्ट्रोडचा रोध (विजेला होणारा अडथळा) ५ किलोओहमच्या खाली आणूनच रेकॉर्डिंग सुरू करतात. डोक्याला तेल असलं की हे जमत नाही. आदल्या रात्री शाम्पूने केस धुवा, नंतर काही लावू नका.

खरी अडचण मे महिन्यात. पारा ४४ वर, खोलीत एसी नाही, नुसता कूलर. घामाने टाळू ओली झाली की आलेखाच्या पट्टीवर अर्ध्या हर्ट्झच्या आसपासची लांबलचक वळणं येतात आणि घाईत वाचणाऱ्याला ती डेल्टा वाटू शकतात. या आजारात शोधायच्या असतात त्याच संथ लहरी, म्हणून ही चूक महागात पडते. उन्हाळ्यात सकाळची पहिली वेळ मागा.

रेकॉर्डिंग चालू असताना तीन मिनिटं जोरात श्वास घ्यायला लावतात. नंदुरबार, धडगाव, शिरपूरकडच्या रुग्णाला सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल तर ते आधीच सांगा. त्यात ही जोरात श्वास घेण्याची चाचणी टाळतात. इथे हा प्रश्न आपणहून विचारला जात नाही, हे गंभीर आहे. रात्रभर जागून या, असं सरसकट सांगणंही चूक, कारण जागरणानेच झटका येऊ शकतो.

रिपोर्टात नुसतं 'अ‍ॅबनॉर्मल' लिहितात. कोणता गोलार्ध, किती हर्ट्झ, झटक्यानंतर किती तासांनी, हे लिहून मागा. नाहीतर फिट समजून औषधं सुरू होतात. उपचारात फ्लुनारिझिन, वेरापामिल, लॅमोट्रिजिन किंवा अ‍ॅसिटाझोलामाइड यांतलं काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. मेडिकलवरून परस्पर सुमाट्रिप्टान किंवा अर्गोटामीनची गोळी घेऊ नका, या प्रकारात ती टाळतात. आणि बाजू पहिल्यांदाच लुळी पडली असेल, तर या सेंटरची पायरी चढूच नका. लकवा धरून थेट सीटी-एमआरआय असलेलं हॉस्पिटल गाठा.