पर्सिमनच्या बिया आणि ७ दिवसांची मुदत

बियांपासून घरी पर्सिमनचं (टोमॅटोसारख्या दिसणाऱ्या केशरी, गोड फळाचं) झाड वाढवायचं म्हणून ऑनलाइन बिया शोधत असाल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा. मला आधी बियांत फसवलं आणि मग त्याच बियांची भरपाई म्हणून दिलेल्या रोपात. फसवणाऱ्याला या झाडाची पुरेपूर माहिती होती आणि त्याने तीच माहिती वापरली, याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो.

पर्सिमनचं बी थंडी मिळाल्याशिवाय नीट रुजत नाही. ओलसर वाळूत किंवा कोकोपीटमध्ये घालून ते २ ते ३ महिने फ्रिजमध्ये, साधारण ४-५ अंश सेल्सिअसला ठेवावं लागतं. बाहेर काढून उबेत पेरलं, की कोंब दिसायला आणखी काही आठवडे जातात. पाकिटातल्या छापील कागदावर हे सगळं अगदी बिनचूक लिहिलेलं होतं. त्याच कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती: तक्रार माल मिळाल्यापासून ७ दिवसांच्या आत करावी. म्हणजे जो माणूस सूचना मनापासून पाळेल, त्याची तक्रार मुदतीत बसणं शक्यच नाही.

माझ्या बिया उगवल्या नाहीत. तेव्हा एक बी भिजवून पात्याने उभं चिरलं. जिवंत बीचा आतला गर टणक, राखाडीसर असतो आणि त्यात छोट्या चमच्याच्या आकाराचा पांढराशुभ्र अंकुर स्पष्ट दिसतो. इथे गर तपकिरी पडून भुसभुशीत झाला होता आणि अंकुराच्या जागी नुसती काळपट रेघ होती. फ्रिजमध्ये कुजल्या असतील, असं विक्रेता म्हणणार हे उघड होतं. म्हणून पाकिटात कोरड्या उरलेल्या बियाही चिरल्या. त्याही आतून तशाच मेलेल्या. दोन्हींचे फोटो पाठवले. उत्तर आलं, थंडी कमी पडली असेल. मग म्हणे, पाणी जास्त झालं असेल. फोटोंबद्दल अवाक्षर नाही.

जाहिरातीतली दुसरी थाप तर बिया ताज्या असत्या तरी थापच राहिली असती. ‘फुयु जातीच्या अस्सल बिया, २ वर्षांत कुंडीत फळ.’ फुयुसारखी जात टिकते ती कलमानेच. बीपासून आलेलं रोप आईसारखं निघत नाही. कडक असतानाच खाता येणारा फुयुचा गोडवा रोपांत क्वचितच उतरतो, बहुतेकदा फळ तुरट निघतं आणि पूर्ण मऊ झाल्याशिवाय तोंडात धरवत नाही. रोप नर निघालं तर फळच नाही, आणि नर की मादी हे फुलं येईपर्यंत कळत नाही. फुलं यायलाही बीपासूनच्या झाडाला ५-७ वर्षं सहज लागतात, कधी त्याहून जास्त. शिवाय परागण झालं नाही तर फुयुच्या फळात बहुधा बीच धरत नाही. मग फुयुच्या बियांची पाकिटंच्या पाकिटं येतात कुठून?

मी पिच्छा सोडला नाही, तेव्हा ‘सद्भावना म्हणून’ सवलतीत कलमी रोप देतो म्हणाला. वरचे पैसे भरले. रोप आलं, खोडाला खाली कलमपट्टी व्यवस्थित गुंडाळलेली. खऱ्या कलमात खुंट (मुळं असलेला खालचा भाग) आणि काडी (हव्या त्या जातीची वर जोडलेली फांदी) जिथे जुळतात तिथे तिरका व्रण, गाठ, थोडा फुगवटा असतो, वरच्या आणि खालच्या सालीत बऱ्याचदा फरक दिसतो. मी पट्टी सोडत गेले. आत साल वरपासून खालपर्यंत एकसंध, गुळगुळीत, कुठे ओरखडासुद्धा नाही. बीपासून आलेल्या साध्या रोपाला नुसती पट्टी बांधून कलम म्हणून विकलं होतं. पट्टी सोडली म्हणून परतावा मिळणार नाही, हे त्याचं शेवटचं उत्तर.

बिया घ्यायच्याच असतील तर पाकीट फोडतानाचा व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी एक-दोन बिया चिरून बघा. मुदत संपायच्या आत हाती लागणारा पुरावा तेवढाच. जाहिरातीचं पान तक्रारीनंतर बदललं जातं, माझ्या बाबतीत ‘२ वर्षांत फळ’ हे शब्द गायब झाले. त्यामुळे पैसे भरण्यापूर्वीच स्क्रीनशॉट घ्या. कलम घेताना पट्टीशिवायचा, जोडाचा जवळून काढलेला फोटो मागा. तो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका.

त्यापेक्षा बी असलेलं पिकलं फळ मिळालं तर उत्तम. गर पूर्ण धुऊन, बी सुकू न देता ओलसर वाळूत घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि पुढे खोल कुंडीत लावा, कारण याचं सोटमूळ फार लवकर खाली धावतं. झाड कसं निघेल ते सांगता येणार नाही, पण बी कुठलं आणि किती ताजं आहे हे तरी तुम्हाला माहीत असेल.

तो विक्रेता अजून धंदा करतोय. पाकिटावरचं नाव बदललंय, कुंडीत लगडलेल्या केशरी फळांचं चित्र मात्र तेच आहे.