जावाचा पिस्टन : थेट चेक प्रजासत्ताकातून की पुण्याच्या व्यापाऱ्याकडून?

म्हैसूरच्या कारखान्यातून निघालेली २५० सीसीची, मूळची चेक असलेली जावा मोटरसायकल ज्यांच्या दारात अजून उभी आहे, त्यांना सुटे भाग मिळवण्याचे दोन मार्ग ठाऊक असतातच : चेक प्रजासत्ताकातील दुकानातून थेट कुरिअरने मागवणे, किंवा तिकडचा माल आणून ठेवणाऱ्या आपल्याकडच्या व्यापाऱ्याकडून घेणे. मी दोन्ही करून पाहिले आहे. केबल, रबर, ऑइल सील अशा किरकोळ वस्तूंसाठी परदेशी जाण्याचे कारण मला दिसत नाही. प्रश्न येतो तो पिस्टनचा.

थेट मागवण्यातला त्रास लपवण्यात अर्थ नाही. पार्सल येईपर्यंत नेमका खर्च कळत नाही, कारण सीमाशुल्क हे मालाच्या किमतीत भाडे आणि विमा धरून होणाऱ्या रकमेवर लागते, त्यावर अधिभार, पुन्हा या साऱ्याच्या बेरजेवर आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) आणि वर कुरिअरचे हाताळणी शुल्क. २२ सप्टेंबर २०२५ पासून हा आयजीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेवढाच दिलासा. शुल्क चुकवायला पार्सलवर ‘भेटवस्तू’ लिहून घेण्याची जुनी युक्ती डिसेंबर २०१९ पासून निरुपयोगी आहे. तशी ती कधी शोभणारीही नव्हती. मात्र युरोपीय संघाबाहेर माल पाठवताना तिथला २१ टक्के व्हॅट वजा होऊ शकतो, हे दुकानदाराला आधी विचारून घ्यावे.

माझ्या गाडीचा पिस्टन मे महिन्यात धुळ्याजवळच्या लळिंगच्या घाटात जाम झाला. पुण्याच्या व्यापाऱ्याने फोनवर दर सांगितला आणि चौथ्या दिवशी पिस्टन धुळ्यात पोहोचला. इथवर तक्रारीला जागा नव्हती. परंतु ६५.५० मिमीचा म्हणून आलेल्या त्या पिस्टनच्या डोक्यावर ना मापाचा आकडा होता, ना बसवण्याची दिशा दाखवणारा बाण. मिस्त्रींनी मायक्रोमीटर लावला आणि म्हणाले, “भाऊ, हाई बसाव नही.” पिस्टन हातात आल्याशिवाय लेथवाला सिलिंडरला बोअर मारत नाही, म्हणजे तो आतून कापून पिस्टनच्या मापाचा करत नाही, कारण दोहोंमधली फट पिस्टन मोजूनच ठरवावी लागते, आणि आमच्याकडच्या उन्हात ती कमी पडली तर गाडी पुन्हा त्याच घाटात उभी राहणार. बदलून आलेला दुसरा पिस्टनही बिनआकड्याचाच निघाला. “रनिंगमध्ये बसून जाईल,” हे व्यापाऱ्याचे पालुपद मी पावसाळाभर ऐकले, आणि सिलिंडर तोवर गोणपाटात पडून होता.

अखेर चेक प्रजासत्ताकातूनच मागवला. ओळखपत्राची कागदपत्रे, तीन आठवड्यांची वाट आणि पुण्याच्या दराच्या सुमारे दीडपट खर्च, हे सारे झाले. पण डोक्यावर ६५.५० स्पष्ट उमटलेले होते, आणि मिस्त्रींनी मोजून काही न बोलता तो लेथवाल्याकडे धाडला.

सगळेच व्यापारी असे असतील, असे म्हणण्याचा माझा अधिकार नाही. ज्याला घाई आहे आणि जो पैसे देण्याआधी पिस्टनच्या डोक्याचा फोटो मागवून घेऊ शकतो, त्याला पुण्याचाच मार्ग सोयीचा वाटेल. मला स्वतःला किमतीची अनिश्चितता सोसवते, मापाची सोसवत नाही. चाळीसगावच्या एका मित्राला कनेक्टिंग रॉड हवा आहे. त्यामुळे पुढची ऑर्डर आम्ही दोघे मिळून तिकडेच देणार आहोत, म्हणजे भाडेही वाटले जाईल.