चातुर्मासाच्या तोंडावर घेतलेला फोटो बूथ

लग्नात हल्ली तो गोल चबुतरा दिसतो ना, वर नवरा-नवरी उभी, भोवती दांड्याला लावलेला मोबाइल गरगर फिरतो, तो 360 बूथ. नाशिकरोडला माझं झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटोचं दुकान आहे. जोडधंदा म्हणून गेल्या वर्षी वटपौर्णिमेच्या सुमारास मी हा बूथ पुण्याच्या एका कंपनीकडून घेतला. 1 लाख 85 हजारांना. त्यातले 60 हजार 'बुकिंग डिपॉझिट', कारण महिन्याला आठ बुकिंग कंपनीच देणार होती. एका कार्यक्रमाचे मला आठ हजार. आठी आठी चौसष्ट, म्हणजे तीन महिन्यांत पैसे वसूल. वहीच्या मागच्या पानावर मांडलेला तो हिशेब अजून तसाच आहे.

पहिल्या पंधरवड्यात दोन कार्यक्रम आले. सिन्नरला हळद, निफाडला पहिला वाढदिवस. निफाडला बाळाला घेऊन आजोबा आणि आई-बाबा चबुतऱ्यावर चढले तसा दांडा थांबला. मी वाकून हाताने फिरवत राहिलो. तरी दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी आठ हजार खात्यात! मेहुण्यालाही म्हटलं, तूही घे. नशीब, त्याने ऐकलं नाही.

मग सगळं शांत. फोन केला तर, "दादा, आषाढी आली. चातुर्मासात कुठे लग्नं असतात? तुळशीचं लग्न होऊ द्या, मग बघा." मला पटलं. कुणालाही पटेल.

तुळशीचं लग्न झालं, मुहूर्त निघाले, फोन मात्र बंद. पुण्याच्या पत्त्यावर गेलो, तर ते टेबल-खुर्ची भाड्याने देणारं ऑफिस. ऑगस्टमध्येच जागा सोडलेली. परतल्यावर निफाडच्या यजमानांना विचारलं, तुमच्याकडून किती घेतले? "अहो, ते फुकट होतं. डेमो लावतो म्हणाले." म्हणजे मला मिळालेले सोळा हजार माझ्याच डिपॉझिटमधले.

पोलिसांनी करार वाचला. 'बुकिंग मिळवून देण्याचा प्रयत्न करू' एवढंच त्यात. मशीन मिळालंय, मग दिवाणी बाब, म्हणाले. ऑनलाइन फसवणुकीसाठी 1930 हा नंबर आहे, पण तिथे लगेच कळवलं तरच पैसे अडवता येण्याची आशा. मी पाच महिन्यांनी जागा झालो होतो. बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला (कुणालाही फुकट बघता येतो), तर सुरतच्या एका कापडवाल्याचा निघाला. सुरुवातीचे आकडे 24, म्हणजे गुजरात. महाराष्ट्राचे 27. दुकानदार असून बिल घेताना मी ते पाहिलं नाही, याची लाज वाटते.

वकिलांनी ग्राहक आयोगाचा रस्ता दाखवला. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला एरवी तिथे दाद मिळत नाही, पण 2019 च्या कायद्यानुसार स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतली असेल तर ग्राहक धरतात. तक्रार दाखल केलीय. तारखा पडताहेत.

बूथ घेणार असाल तर आधी गावातल्या मंगल कार्यालयाच्या मॅनेजरकडे चहा प्या. मी पैसे गेल्यावर गेलो. त्याने पाच मिनिटांत सांगितलं, बूथचं काम फोटोग्राफर नाहीतर डेकोरेटर देतो आणि आपलं कमिशन कापून घेतो. पुण्याची कंपनी इथे कोण विचारतंय? आणि विकणाऱ्याकडून जुन्या पार्ट्यांचे नंबर घेऊन स्वतः विचारा, पैसे कुणी दिले.

परवा त्याच मॅनेजरने एक साखरपुडा दिलाय. चार हजार. दांडा ढकलायला पुतण्याला सोबत नेतोय.